समोरचा माग

४ ऑक्टोबर

भिंगरे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे न वाचताच टाकून देणार असशील, तर त्याआधी एवढं एक वाक्य वाच. तुझा माग अजून जागेवर आहे.

नाही ना टाकलंस? माहीत होतं मला. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. तोंडानं 'मला नको' म्हणायचं आणि डोळ्यांनी वाटीत डोकावायचं.

फोन करून झाले. तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी फोनवरचं मला धड ऐकू येत नाही. मागांच्या खडखडाटात उभं राहून माझे कान गेले. तुझे शाबूत आहेत, कारण गिरणी बंद पडायच्या आधीच तू शहाण्यासारखी लग्न करून मोठ्या शहरात सटकलीस. म्हणून मग पत्र. पत्राला कान लागत नाहीत.

तर बातमी अशी, की गिरणी उघडतेय. थांब, उड्या मारू नकोस. भोंगा वाजणार नाही, पगारही मिळणार नाही. प्रदर्शन भरणार आहे. चार-पाच चित्रकार मंडळी आलीत आणि आपल्या मागखात्यात मांडामांड चाललीय. एकानं सुताच्या रिकाम्या कांड्या दोऱ्यात ओवून छतापासून खाली सोडल्यात, वारा आला की खुळखुळतात. एकानं फरशीवरच्या तेलाच्या डागांवर कागद ठेवून ठसे घेतलेत आणि ते चौकटीत बसवून भिंतीला लावलेत. चष्मेवाली म्हणाली, 'अगं, हे डाग पुसत नाही म्हणून मुकादम बोंबलायचा, आता त्यांनाच काच लावली!' चष्मेवाली आठवते ना? दारापासून तिसऱ्या मागावरची. आता मोतीबिंदू काढलाय, चष्मा गेला, नाव मात्र तेच राहिलं.

या चित्रकारांत एक मुलगी आहे. तिचं नाव अवघड आहे, आम्ही तिला कॅमेरेवाली म्हणतो. परवा मी अंगणाच्या या टोकाला आणि चष्मेवाली त्या टोकाला, अशा आम्ही आपलं मुकं बोलत होतो. सवयच आहे, मोठ्यांदा ओरडण्यापेक्षा सोपं. ही पोरगी मधे उभी राहून एकदा हिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. शेवटी घाबरून म्हणाली, 'तुम्ही भांडताय का?'

मी म्हटलं, 'छे गं, टोमॅटो काय भावानं आणलेस ते विचारतेय.'

मग तिला सगळं सांगावं लागलं. की आत इतका आवाज असायचा की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून आम्ही सगळ्या ओठ मोठे करून, हातवारे करून, गळ्यातून हूं की चूं न काढता बोलायचो. दिवसभर. आणि घरी गेल्यावरही. ती खालीच बसली. म्हणाली, 'मला हेच हवंय.' त्याची फिल्म करणार आहे ती, पडद्यावर दाखवणार. पुढं विचारलं, 'तुम्ही सगळ्यात जास्त कोणाशी बोलायचात?'

मी म्हटलं, 'समोरच्या मागाशी.'

'तिथं कोण होतं?'

'माझी धाकटी बहीण.'

'मग बोलवा ना त्यांना!'

म्हणून बोलवतेय. एक नोव्हेंबरला उद्घाटन आहे. ये. तुझ्या लेकीच्या लग्नातलं मनात धरून मी लिहीत नाहीये. तेव्हा मी न जेवता निघाले ते बस चुकेल म्हणून, असं मी इथं सगळ्यांना सांगितलंय. तुला कोणी विचारलं तर तूही तेच सांग.

माझी तब्येत ठीक आहे. घसा तेवढा धरलाय, आवाज बसलाय. दोन महिने झाले. शेजारीपाजारी खूश आहेत.

तुझी
ताई


१८ ऑक्टोबर

भिंगरे,

उत्तर नाही. बरं. मी तरी कुठं वाट बघत होते. पोस्टमनला रोज विचारते ते त्याच्या आईची चौकशी म्हणून.

काल माझं चित्रीकरण झालं. कॅमेरेवालीनं आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, 'आवाज घेतच नाहीये मी. तुम्ही मनाला येईल ते बोला.' असं चष्मेवालीला सांगायचं म्हणजे सुटलेल्या वासराला 'हवं तिकडे जा' म्हणण्यासारखं. बायका जे काही सुटल्या! दिवे लावणं, पुसापुशी, 'जरा इकडे बघा', या सगळ्यात आम्ही बाकावर बसून मनसोक्त कुचाळक्या केल्या. तू हवी होतीस. तुझ्याशिवाय कुचाळकीला धार येत नाही.

मग एकेकीला तिच्या मागाशी उभं केलं. माझा माग गंजलाय, पण हात ठेवला तर हाताला ओळख पटली. तुझा समोर. त्यावर कोणी धूळही पुसली नव्हती, मीच माझ्या पदरचं फडकं वापरून पुसली. तुझ्या मागाची ती डावी कड अजून झिजलेली आहे, तू तिथं कंबर टेकून उभी राहायचीस ना, तिथं. धोटा इकडून तिकडे पळत असायचा आणि तुझं ध्यान खिडकीत. सुताची तार तुटली तरी पत्ता नसायचा तुला. मी इकडून दोन बोटं अडकवून ओढून दाखवायची, 'तार तुटली बघ! लक्ष कुठंय?' आणि तू जीभ काढायचीस.

कॅमेरेवाली म्हणाली, 'त्या समोर आहेत असं समजून बोला.' मी बोलले. काय ते सांगत नाही. आवाज नव्हताच, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नाही.

पण तुझ्या मागासमोर उभी राहिले आणि ते लग्न आठवलंच. आता लिहूनच टाकते, पोटात ठेवून ठेवून पोट दुखायला लागलंय.

मी हॉलच्या या टोकाला होते, तू त्या टोकाला पाहुण्यांत. मधे तो बॅन्ड. तुझ्या केसातली पिन सुटून लोंबत होती. मी हात हलवला, ओठ मोठे करून सांगितलं, 'पिन! मागे! डाव्या बाजूला!' आता बॅन्ड वाजत असताना दुसरं कसं सांगणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं बघू देत, पिन महत्त्वाची. तुझ्या विहीणबाई तुझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'या कोण? बरं नाहीये का त्यांना?' आणि तू हसून म्हणालीस, 'गिरणीतल्या ओळखीच्या आहेत.'

तुला वाटलं, हिचे कान गेलेत, त्यात बॅन्ड, त्यात एवढं अंतर. हिला कुठलं ऐकू येणार! ऐकू नाहीच आलं गं. दिसलं. जगात कोणीही ही चूक केली नसती, भिंगरे. गिरणीतल्या बाईसमोर तोंड हलवून गुपित सांगायचं!

मला राग आला होता. खूप आला होता, खोटं कशाला सांगू. बसमध्ये बसून मी तुला अशा शिव्या घातल्या की शेजारचा माणूस उठून पुढं जाऊन बसला, म्हणजे मी मुक्यानं घालत नव्हते. पण घरी आल्यावर मला दुसरंच दिसायला लागलं. तिथं तू बोलताना ओठ अगदी एवढेसे हलवत होतीस, सुई ओवावी तसे. तू! जिचं तोंड पार दारातल्या पहारेकऱ्याला वाचता यायचं! ते तोंड एवढंसं करायला तुला किती वर्षं लागली असतील, किती जण तुला हसले असतील, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस.

असो. राग गेला. कधी गेला ते माहीत नाही, पण शोधलं तर सापडत नाही.

घशासाठी मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. काहीतरी तुकडा काढून तपासायला पाठवलाय. एवढं काही नाही. मफलर गुंडाळून फिरते, त्यामुळे सगळे म्हणतात थोर कलावंत दिसतेस.

ये गं.

ताई


२ नोव्हेंबर

भिंगरे,

काल उद्घाटन झालं. तू आली नाहीस. दारातून कोणी आत आलं की माझी मान वळत होती, शेवटी मान आखडली. चल, त्याचा राग नंतर. आधी काय झालं ते ऐक, कारण असं पुन्हा होणे नाही.

मागखात्यात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगांत आम्ही जुने कामगार. मधोमध आपल्या मागांवर देखरेख करणारा जॉबर, सत्काराला. ऐंशीचा झालाय, पण तोच तोरा, नवा कोट, छाती पुढं. गावचे अध्यक्ष बोलले. बोलले म्हणजे काय, दिवा लावायला घेतला होता तो विझेपर्यंत बोलले. मग अंधार केला आणि कॅमेरेवालीची फिल्म लागली. तिचं नाव ठेवलंय 'मौन'. मागच्या खुर्च्यांवर शहरातले कलाप्रेमी, श्वास रोखून बसलेले. पडद्यावर काहीही आवाज नाही, नुसते आमचे चेहरे.

आणि बघते तर काय, पोरीनं बाकावरचंच घेतलं होतं! आम्हाला वाटलं होतं दिवे लावून होईपर्यंत कॅमेरा बंद आहे. भिंतीएवढी चष्मेवाली, आणि तिचे हातभर ओठ सावकाश, स्पष्ट म्हणताहेत, 'जॉबर बघितलास का? अजून पोट आत ओढून उभा राहतो मेला. कोणासाठी ओढतो म्हणते मी, बायको तर कधीच कंटाळली!'

पहिल्या तीन रांगा फुटल्या. मागची मंडळी दचकून बघतायत, मौनात एवढं हसण्यासारखं काय आहे? पुढं मी आले, भिंतीएवढी मी, आणि म्हणतेय, 'अध्यक्ष भाषण करणार आहेत म्हणे. त्यापेक्षा भोंगा बरा, तो थांबायचा तरी.' मी खुर्चीखाली जायला जागा शोधत होते. चष्मेवाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून हसत होती की रडत होती देव जाणे. अध्यक्षांना काही कळलं नाही, ते आपले मान डोलावत होते. पण जॉबर गिरणीतलाच ना! तो उठला, आमच्याकडे वळला, पोट पार सोडून दिलं, आणि मुक्यानंच म्हणाला, 'माझं पोट आहे. तुमच्या बापाचं नाही.' त्याला जी टाळी पडली तशी सत्कारालाही पडली नाही.

कॅमेरेवाली बिचारी धावत आली, 'काय झालं, काय चुकलं?' चष्मेवालीनं तिला कुशीत घेऊन सांगितलं, 'काही चुकलं नाही बाळा. फक्त याला मौन म्हणू नकोस. आम्ही जन्मात कधी गप्प बसलो नाही.' ती पण हसायला लागली, आणि नाव बदलते म्हणाली.

हे इथंच संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण पुढं मी माझ्या मागाशी उभी राहिलेली आले. समोर तुझा रिकामा माग. आणि मला आठवलं मी काय बोलले होते. मुक्यानं बोललेलं कोणाला कळत नाही असं मला वाटलं होतं, आणि ज्यांना कळतं ते सगळेच्या सगळे पुढच्या तीन रांगांत बसले होते! तुला नावं ठेवत होते ना मी, गिरणीतल्या बाईसमोर तोंड हलवलंस म्हणून? घे. तुझीच बहीण शेवटी.

हसणं थांबलं. कोणी माझ्याकडे बघेना. चष्मेवालीनं माझा हात धरला तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही. आता सगळ्या गावाला कळलंय, तेव्हा तुला न सांगणं बरोबर नाही. त्या तुकड्याचा निकाल चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीच आला होता, तुला तेव्हा खोटं लिहिलं. वाईटच आहे. स्वरयंत्र काढावं लागणार. सोळा तारखेला. जगेन, डॉक्टरीणबाई म्हणतात बरीच वर्षं जगाल. आवाज मात्र जाईल, पुरता. गळ्याला भोक राहील, श्वास त्यातून. ओठ राहतील, जीभ राहील, बोलायला आवाज नसेल. त्यांनी मला हे फार हळुवारपणे सांगितलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. मी म्हटलं, 'बाई, आयुष्यभर मी तशीच बोलत आले आहे.' त्यांना वाटलं धक्क्यानं बरळतेय.

तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पडद्यावर आधी आपलं नेहमीचंच बोलले, तार तुटली बघ, लक्ष कुठंय, मग हे आवाजाचं. पुढंही थोडं काही बोलले. ते जाऊ दे.

फक्त एक आहे. चष्मेवालीचे डोळे काही फार दिवसांचे सोबती नाहीत. जॉबर ऐंशीचा. पुढं माझं बोलणं वाचेल असं कोण राहणार आहे, तर तू. आणि दुसरं असं, की आवाज आहे तोवर तुला एकदा 'भिंगरे' अशी हाक मारायची होती. अंगणातून मारायची तशी. सोळाच्या आत आलीस तर बरं. नाही जमलं तर राहू दे.

ताई


१५ नोव्हेंबर, दवाखान्यातून

भिंगरे,

उद्या सकाळी नेणार. दुपारचं ऊन खाटेवर आलंय आणि शेजारची बाई घोरतेय, म्हणजे तिच्या घरचे म्हणतात घोरतेय, मला काय ऐकू येतंय.

तुझं पत्र नाही, फोन नाही. चष्मेवाली म्हणत होती, 'मी लिहिते तिला चांगलं चार ओळींत.' मी तिला दम दिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला बोल लावायचा? तू येत नाहीस तर तुझं काहीतरी असेल. दुकान असेल. जावयांकडचं काही असेल. मी समजूतदार आहे हे तुला माहीतच आहे, आणि नसेल तर आता कळव सगळ्यांना.

सकाळपासून मी आवाज वापरून संपवतेय. नर्सला दोनदा हाक मारली, काही काम नसताना. खिडकीत जाऊन तुलाही एकदा मारली. खालच्या कुत्र्यानं वर बघितलं. आवाज फाटलाय, भांड्याला पोचा पडावा तसा, पण माझा म्हणून ओळखू येतो.

कॅमेरेवाली भेटायला आली होती. फिल्मचं नाव आता 'समोरचा माग' ठेवलंय. म्हणाली, लोक फोनवर ती एकमेकांना पाठवतायत, बाहेरगावीही. मी म्हटलं, पाठवू देत, पोट जॉबरचं आहे.

मला काही होत नाही. तू काळजी करू नकोस. जेवत जा वेळेवर.

ताई


९ डिसेंबर

भिंगरे,

तू काल कपडे आणायला म्हणून गेलीस आणि मी आज पत्र लिहायला बसले. चष्मेवाली म्हणते, 'चार दिवसांत परत येतेय ती, लिहितेस काय?' तिला म्हटलं, एक गोष्ट सांगायची राहिलीय आणि ती समोरासमोर सांगताना मला रडू येईल. रडताना ओठ वाकडे होतात, मग तुला वाचता यायचं नाही.

आधी ते बाकीचं. तू इथं असताना तुझी लेक माझ्या खाटेवर बसून सगळं सांगून गेली, तुझ्या चोरून. की तू माझी पत्रं पर्समध्ये घेऊन फिरत होतीस, सगळी. की तुला यायचं होतं, रोज यायचं होतं, आणि रोज 'कोणत्या तोंडानं जाऊ' म्हणून बसत होतीस. त्या दिवशी लग्नात माझा चेहरा पडलेला तू बघितलास आणि तेव्हाच ओळखलंस की मी वाचलंय, हेही तिनं सांगितलं. वेडे. कोणत्या तोंडानं म्हणजे? होतं त्याच तोंडानं यायचं.

मग पंधराच्या रात्री तिच्या फोनवर ती फिल्म आली. ती तुझ्याकडे घेऊन आली, तिच्या सासूबाईही बरोबर आलेल्या. म्हणाली, 'आई, मावशी काय बोलतेय? तुला कळतं ना? वाचून दाखव.' आणि तू वाचत गेलीस, तार तुटली, लक्ष कुठंय, आवाज काढून घेणार आहेत. आणि शेवटचं वाचताना तुझा आवाज बंद पडला. पोरगी विचारते, 'पुढं काय? पुढं काय म्हणाली?' आणि तू म्हणालीस, 'भीती वाटते म्हणतेय. मला फार भीती वाटते, तू ये, म्हणतेय.'

हो. म्हणाले होते. पत्रात लिहवत नव्हतं. पत्रात मी फार शूर असते. ते तोंड हलवूनच म्हणता येत होतं, तुझ्याकडे बघून, आणि तू नव्हतीस म्हणून तुझ्या मागाकडे बघून.

लेक म्हणाली, त्यावर तू उठून चपला घातल्यास. विहीणबाई म्हणाल्या, 'अहो, सकाळी निघा', तर तू ऐकलं नाहीस. जावई गाडी चालवत होता आणि तू त्याला 'पळव' म्हणत होतीस. हा भाग मी लेकीकडून दोनदा वदवून घेतला.

सोळाला सकाळी मला चाकांच्या खाटेवर घालून त्या लांब बोळातून नेलं. शेवटी ते काचेचं दार. माझ्यामागं ते लावून घेतलं आणि खाट तिथंच थांबवली, आतलं अजून तयार नव्हतं. मी मान वळवली आणि काचेपलीकडे तू. घामेजलेली, केस पिंजारलेले, मागं लेक, जावई आणि चक्क विहीणबाई. पहारेकरी तुला आत सोडत नव्हता. तू त्याच्याशी भांडत होतीस. मग मी दिसले.

आणि तू तोंड उघडलंस, भिंगरे. ते एवढंसं नाही, आपलं. गिरणीतलं. जबडा खाली, ओठ ताणून, दोन्ही हात वर, सगळ्यांच्या देखत, विहीणबाईंच्या देखत. 'ताई, मी आले! तार तुटली होती, माझं लक्ष नव्हतं! आता इथंच उभी आहे, हलत नाही! तू जा आत, घाबरू नकोस!'

मी म्हणाले, 'पिन सुटलीय तुझी. डाव्या बाजूला.' तू रडता रडता हसलीस आणि जीभ काढलीस.

माझा आवाज तेव्हा शाबूत होता. मारायची ठरवलेली ती हाक अगदी गळ्याशी होती. पण मधे काच. मारली असती तरी तुला ऐकू गेली नसती, आणि तशी तिची गरजही उरली नव्हती, मी म्हणाले ते सगळं तुला कळत होतं. म्हणून ती राहिली. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाही.

आता राहिलेली गोष्ट. ती तुला माहीत नाही, कारण तेव्हा मी तुझ्याकडे पाठ फिरवली होती. तुझं बोलून झालं आणि मी वळले, तर माझ्याजवळची नर्स काचेबाहेर बघत विचारत होती, 'त्या कोण? बरं नाहीये का त्यांना?' शब्दाला शब्द विहीणबाईंसारखं. खोटं कशाला सांगू, 'गिरणीतली ओळखीची' हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. फिट्टंफाट झाली असती आपली. पण म्हटलं नको, आवाज थोडाच उरलाय, तो चांगल्या कामी लावावा.

मी म्हणाले, 'बहीण आहे ती माझी. सख्खी, धाकटी.' घोगरा होता, फाटलेला होता, पण चांगला मोठ्यांदा म्हणाले, अंगणातून म्हणावं तसं. नर्स दचकली. मग त्यांनी खाट आत घेतली आणि सुई टोचली.

त्यानंतर मी काही बोललेले नाही. म्हणजे माझ्या आवाजातलं शेवटचं बोलणं तेच. तुला ऐकू आलं नाही, म्हणून लिहून कळवतेय.

येताना एक मऊ मफलर आण. हा टोचतो.

तुझी
ताई